काकांची ट्रंक आणि अर्धी राहिलेली पद्मिनी

प्रश्न : माझे काका सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरीला होते. दीड वर्षापूर्वी ते गेले. आता काकूंनी पंचवटीतल्या जुन्या घराच्या पोटमाळ्यावरची त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्या स्वाधीन केली आहे. तीत जुन्या मोटारींची ३१ लहान मॉडेल्स निघाली. बहुतेक धातूची, काही प्लॅस्टिकची, सगळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. अनेकांचा रंग उडाला आहे, म्हणून सगळी खरवडून नव्याने रंगवावीत असे मनात आहे. एका व्हिडिओत पाहून मी एक गाडी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकली, तर पाणी फसफसले आणि गाडी काळी पडून खडबडीत झाली. आणखी एका गाडीला कोणी हात न लावताच भेगा गेल्या आहेत. तिच्यामुळे बाकीच्या बिघडतील का? एका जग्वारच्या तळावर ‘डिंकी’ऐवजी ‘निकी’ लिहिले आहे, ती नकली असावी. शिवाय पितळी पत्र्याची एक अर्धवट गाडी आहे, काकांनी स्वतः बनवायला घेतलेली. तिला बॉनेट नाही, चाके नाहीत. सोबतच्या ट्रेसिंग पेपरवर दोन्ही चाकांच्या मध्यांमधले अंतर १३० मिलिमीटर लिहिले आहे. काकांकडे पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती, तिचेच हे मॉडेल असावे. ते पूर्ण करण्याचे धाडस मी करावे का? मोठा भाऊ म्हणतो, सगळे विकून मोकळा हो. पाच वर्षांची मुलगी खेळायला मागते. ट्रंकेत हत्यारे आणि वाळलेल्या रंगाची एक डबीही आहे. डबी वगैरे टाकून देणार आहे.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपले पत्र वाचून पहिली विनंती करतो ती अशी, की हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत ट्रंकेतल्या एकाही गाडीला पाणी, सोडा, पॉलिश कागद किंवा ब्रश लावू नये. आपली कळकळ मला समजते. गेलेल्या माणसाची आवडती वस्तू कळकट अवस्थेत पाहवत नाही आणि ती लखलखीत करून ठेवणे ही त्याची सेवाच आहे असे वाटते. परंतु जुन्या मॉडेलच्या बाबतीत अंगावरचा मूळ रंग हाच त्या वस्तूचा मोठा भाग असतो. आपल्या नाशकातून त्र्यंबकला जाताना अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे. तिथे किंवा नाण्यांची जाण असलेल्या कोणाकडेही विचारा, जुने नाणे घासूनपुसून चकचकीत करणाऱ्याला ते काय म्हणतात. लहान मोटारींचेही तसेच आहे. कारखान्यात फवारून भट्टीत पक्का केलेला तो रंग, त्याची जाडी, चंदेरी रंगाने रंगवलेले दिवे आणि बंपर, हे सारे त्या दिवशीच्या त्या कामगारांच्या हातचे असते आणि एकदा खरवडले की कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. टवके उडालेली पण मूळ रंगातली गाडी आणि सुरेख पुन्हा रंगवलेली गाडी संग्राहकासमोर शेजारी ठेवल्या, तर तो बहुधा पहिली उचलतो.

म्हणून आधी रंगवायची यादी न करता ओळख पटवण्याची यादी करावी. एक वही घ्यावी, प्रत्येक गाडी उलटी करून तळावरची अक्षरे भिंगाखाली वाचून उतरवून घ्यावीत, वरून, बाजूने आणि तळाकडून असे फोटो काढावेत. ज्या वर्तमानपत्रात ती गाडी गुंडाळली होती त्याची तारीखही लिहावी, कारण काकांनी ती केव्हा बांधून ठेवली हे त्यावरूनच कळेल. तळावर ‘मेड इन इंग्लंड’ आणि ‘लेस्नी’ असे दिसले तर ती मॅचबॉक्स आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ मध्ये हे नाव बाजारात आणले आणि १९८२ मध्ये कंपनी बुडाली. ‘कॉर्गी’ असेल तर ती वेल्समधल्या स्वान्सीच्या कारखान्यातली, १९५६ नंतरची. मोटारींना पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या ही त्यांची तेव्हाची मोठी जाहिरात होती. ‘डिंकी’ असेल तर लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरची. डिंकी टॉइज हे नाव १९३४ पासूनचे आणि तो कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. एखाद्या गाडीची पुठ्ठ्याची मूळ खोकी सापडली, तर ती कितीही फाटकी असो, तिला चिकटपट्टी लावू नये. गाडीइतकेच महत्त्व खोक्यालाही असते आणि चिकटपट्टीचा पिवळा डाग कागदात मुरला की निघत नाही.

आता सोड्यात टाकलेल्या गाडीविषयी. या गाड्या लोखंडाच्या नसतात, शिशाच्याही नसतात. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्या जस्तात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम असते. जस्त आणि ॲल्युमिनियम या दोन्ही धातूंचा स्वभाव असा, की त्यांना आम्लही खाते आणि कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कलीही खातो. आपल्याला दिसलेली फसफस रंग सुटत असल्याची नव्हती. धातू विरघळत होता आणि हायड्रोजन वायू बाहेर पडत होता. लोखंडी फाटकाचा रंग काढायला हा सोडा चालतो, म्हणून व्हिडिओ करणाऱ्याने सरसकट सांगितले असावे. त्याच कारणाने घरात पितळेची भांडी घासायला वापरतो ती चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर या गाड्यांना लावू नये. काळी पडलेली गाडी वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने भरपूर धुवावी, सांध्यांत सोडा राहू देऊ नये आणि लगेच पूर्ण वाळवावी. दारांच्या बारीक रेषा जिथे झिजल्या तिथे त्या परत येणार नाहीत. तिच्याकडे आता सरावाची गाडी म्हणून पाहावे. तिचा पुढे उपयोग आहे.

भेगा गेलेल्या गाडीने आपण घाबरला आहात आणि ते स्वाभाविक आहे. या दुखण्याला इंग्रजीत ‘झिंक पेस्ट’ म्हणतात. इथे पेस्ट म्हणजे लेप नव्हे, कीड. मराठीत जस्तकीड म्हणायला हरकत नाही, मात्र यात जिवंत असे काही नसते. ओतकामाच्या वेळी जस्तात शिशाचा किंवा कथलाचा अंश मिसळला गेला, तर तो धातूच्या कणांच्या सीमारेषांवर साठून राहतो. पुढे दमट हवेत आणि उष्णतेत त्या सीमांवर आतल्या आत गंज चढू लागतो, धातू फुगतो, गाडी किंचित लांब होते, तळपट्टी वाकते, रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात आणि शेवटी बिस्किटासारखे तुकडे पडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या अनेक गाड्या अशाच गेल्या. पुढे अतिशय शुद्ध जस्त वापरण्याची शिस्त आली आणि हे प्रमाण फार कमी झाले. याला औषध नाही. रंग लावून ती थांबत नाही, आणि भेगांत गोंद भरला तरी आतले फुगणे चालूच राहते. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे : हा रोग एका गाडीचा दुसरीला लागत नाही. ज्या दिवशी ती ओतली गेली त्याच दिवशी तिचे भविष्य ठरले होते. ती गाडी कोरड्या, थंड जागी एका लहान डबीत अलगद ठेवावी, तिच्यावर दाब येऊ देऊ नये, आणि तिची चाके व काचा सुस्थितीत असतील तर त्याची नोंद करावी. एक गल्लत मात्र टाळावी. काही गाड्यांच्या तळाला पांढरी भुकटी दिसते, ती म्हणजे जस्तकीड नव्हे. तो वरवरचा गंज असतो आणि कोरड्या मऊ ब्रशने झटकला की जातो. भेग, फुगवटा किंवा वाकलेली तळपट्टी दिसली तरच कीड समजावी.

आणि ती ‘निकी’ जग्वार! तिला नकली म्हणून बाजूला टाकू नका, कारण आपल्या ३१ गाड्यांत आपल्या देशाच्या दृष्टीने कदाचित तीच सर्वांत बोलकी आहे. डिंकीने स्वतःची काही जुनी मॉडेल्स बंद केल्यावर त्यांचे साचे कोलकात्याला आले आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे त्याच साच्यांतून निकी टॉइज या नावाने गाड्या निघू लागल्या. जग्वार मार्क टेन हे मॉडेल डिंकीचे १४२ क्रमांकाचे. ज्या पोलादी साच्यातून लिव्हरपूलला ते निघत होते, त्याच साच्यातून ते पुढे इथे निघाले. तळावरचे मूळ नाव साच्यातच बदललेले किंवा खरवडलेले असते, त्यामुळे त्या जागी धातू किंचित खडबडीत किंवा उंचावलेला दिसतो. भिंग लावून तिरप्या उजेडात पाहा, तो भाग आपल्याला नक्की ओळखता येईल. या गाड्यांचा रंग पातळ, कडा थोड्या ओबडधोबड आणि चाके साधी असत. त्या काळी परदेशी खेळणी आयात करणे सोपे नव्हते. तेव्हा आपल्याकडच्या मुलांच्या हाती जी गाडी पडली ती ही होती, आणि म्हणूनच तिचा तो पातळ, असमान रंग पुसून तिला ‘इंग्लिश’ करण्याचा मोह टाळावा. तिची डिकी उघडते का ते बघा. जोर मात्र देऊ नका.

स्वच्छतेचे थोडक्यात सांगतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, त्यात बुडवून निथळलेली कापसाची काडी (इअरबड) किंवा मऊ ब्रश, आणि लगेच कोरडे मऊ कापड, एवढे पुरे. गाडी पाण्यात बुडवू नये, कारण आस पोलादी असतात आणि आत पाणी राहिले की गंजतात. कागदी स्टिकरला ओल लागू देऊ नये. आस जड फिरत असतील तर शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी सुईच्या टोकाएवढा थेंब लावून पुसून घ्यावा, पण तेल रबरी टायरला लागता कामा नये. काही प्लॅस्टिकच्या गाड्यांत टायर मऊ पडून चाकाला चिकटलेले दिसतील. टायरमधले मऊपणा देणारे द्रव्य बाहेर झिरपून प्लॅस्टिकची रिम खात असते. तिथे टायर हलकेच काढून वेगळे ठेवणे हाच उपाय आहे.

मग हाताची हौस कुठे भागवायची? सोड्यातली गाडी आहे, आणि ट्रंकेत अशा दोन-तीन तरी निघतील ज्या पूर्वीच कोणीतरी घरगुती इनॅमलने माखून टाकल्या आहेत. त्यांना नवा रंग देण्यात काहीच गैर नाही. धातूच्या गाडीचा तळ रिव्हेटने बसवलेला असतो. साडेतीन किंवा चार मिलिमीटरचे ड्रिल हातड्रिलमध्ये लावून, सावकाश फिरवून, रिव्हेटचे फक्त पसरट डोके काढावे, खालचा दांडा शाबूत राहिला पाहिजे. पुढे त्याच दांड्यात १.६ मिलिमीटरचे छिद्र पाडून दोन मिलिमीटरच्या स्क्रूचे आटे पाडता येतात. काका टूलरूममधले असल्याने असा टॅप त्यांच्या हत्यारांत असण्याची मोठी शक्यता आहे. काचा, सीट, टायर, जे जे प्लॅस्टिकचे किंवा रबराचे आहे ते आधी बाहेर काढावे आणि मगच हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा घट्ट पेंट रिमूव्हर लावावा. तो त्वचेला भाजतो आणि त्याची वाफ वाईट असते, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि उघडी गच्ची या तीन गोष्टींशिवाय त्याचे झाकण उघडू नये. सुटलेला रंग जुन्या दातांच्या ब्रशने काढून, धुऊन, वाळवून, धातूवर पकड घेणारा एचिंग प्रायमर फवारावा आणि त्यावर रंगाचे पातळ, अगदी पातळ थर द्यावेत. लहान गाडीवर जाड थर बसला की दारांच्या रेषा बुजतात आणि ती साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. गाड्यांना मारतात तो ड्यूको रंग इनॅमलवर कधीही मारू नये, खालचा थर सुरकुतून उचलला जातो. आणि आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात तर ड्यूको फवारूच नये. त्याचा द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि चकाकीऐवजी दुधाळ धुके उतरते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की दुपारच्या वेळी काम करावे.

ठेवायच्या जागेविषयी मी जरा आग्रहाने लिहितो, कारण इथे माझ्या हातून एक कायमचे नुकसान झाले आहे. अनेक वर्षांपूर्वी मी प्लॅस्टिकच्या किटमधून जोडलेली १:२४ प्रमाणातली एक गाडी, दोन महिने रात्री जागून रंगवलेली, पावसाळ्यात कपाटात ठेवताना सोबत चार डांबरगोळ्या टाकल्या. पुस्तकांना आणि शालींना जे चालते ते हिला चालेल असे वाटले. गणपतीत खोके उघडले तेव्हा एक गोळी बॉनेटला टेकली होती आणि तेवढ्या जागी प्लॅस्टिक मेणासारखे मऊ होऊन खळगा पडला होता. समोरची काच धुरकट झाली होती आणि माझ्या बोटाचा ठसा दरवाज्यावर कायमचा उमटला होता. डांबरगोळीची वाफ पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकला मऊ करते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ती गाडी मी अजून जपून ठेवली आहे आणि तिच्याकडे पाहिले की आजही हळहळ वाटते. तेव्हा ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर आजच काढा. वर्तमानपत्रही काढा, कारण त्यातले आम्ल आणि शाई दोन्ही रंगाला बाधतात. रबरबँड लावू नका. नव्या प्लायवुडच्या किंवा एमडीएफच्या कपाटातून आम्लाची वाफ सुटत राहते आणि ती जस्ताला मानवत नाही, त्यापेक्षा साधे लोखंडी किंवा काचेचे कपाट बरे. पत्र्याखालचा पोटमाळा तर नकोच. आपल्याकडे चैत्र-वैशाखात तो भट्टीसारखा तापतो आणि पावसाळ्यात कोंदट राहतो, म्हणजे जस्तकिडीला हव्या त्या दोन्ही गोष्टी तिथे मिळतात. पश्चिमेच्या खिडकीचे ऊन थेट पडणार नाही अशी आतली भिंत, कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळा संपल्यावर कपाट एकदा उघडून वारा देणे, एवढे केले तर गाड्या आपल्या नातवंडांपर्यंत टिकतील.

मुलीला धातूच्या जुन्या गाड्या खेळायला देऊ नयेत. त्या काळच्या रंगांत शिसे असू शकते आणि लहान मुलांची बोटे तोंडात जातात. याच कारणाने जुना रंग कोरडा घासू नये, घासावा लागलाच तर ओल्या पॉलिश कागदाने, आणि जेवणाच्या टेबलावर तर मुळीच नाही. खेळण्यांच्या दुकानात मागे ओढून सोडायची प्लॅस्टिकची अँबॅसेडर मिळते, ती तिला आणून द्यावी. खरी अँबॅसेडर २०१४ मध्ये बंद झाली, म्हणजे आपल्या मुलीच्या जन्माच्या आधीच. तिला ती गाडी भेटेल ती अशीच.

भावाच्या सूचनेवर मी एवढेच म्हणेन, की ज्या वस्तूंची नावे आपल्याला अजून माहीत नाहीत त्या विकण्याची घाई करू नये. वही पूर्ण होऊ द्या. मग विकायच्याच झाल्या तर पुन्हा रंगवलेली गाडी ‘पुन्हा रंगवलेली’ असे स्पष्ट सांगूनच विकावी, आणि काकूंना विचारल्याशिवाय एकही गाडी घराबाहेर जाऊ नये.

आता पितळी गाडीकडे येतो. खरे तर आपले पत्र वाचताना माझे लक्ष पहिल्यापासून तिच्यावरच होते. आपण दिलेला १३० मिलिमीटर हा आकडा फार उपयोगी ठरला. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर २३४० मिलिमीटर. त्याला १८ ने भागले की बरोबर १३० येतात. म्हणजे काका १:१८ या प्रमाणात काम करत होते, आणि ती पद्मिनीच असावी या आपल्या तर्काला दुजोरा मिळाला. पूर्ण गाडीची लांबी सुमारे ३९३० मिलिमीटर, म्हणजे मॉडेल २१८ मिलिमीटरच्या आसपास भरायला हवे. आराखडा मोजून पाहा. मूळ गाडीची रिम १४ इंची होती, तेव्हा आपल्याला रिमचा व्यास २० मिलिमीटरच्या जवळपास असलेली चाके हवीत. लेथवर ती वळवून घेता येतील, सातपूर-अंबडमध्ये इतके बारीक काम मनापासून करणारी माणसे आहेत. फियाटची ही घराणी पाहताना एक खबरदारी घ्यावी. १९५०च्या दशकातली जिला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणत, तिची पाठ गोल आणि पुढची दारे उलटी उघडणारी. नंतरची डिलाइट आणि तिच्यापासून १९७०च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालेली गाडी चौकोनी पाठीची, मागे दोन लहान पंख असलेली. संदर्भासाठी फोटो शोधताना यांची सरमिसळ फार होते.

धाडस करावे का, असे आपण विचारता. करावे. ही गाडी कोणत्याही कारखान्याची नाही, तिच्यावर जपायचा मूळ रंग नाही, आणि ज्या हातांनी ती घडवायला घेतली होती त्यांना ती पूर्ण करायचीच होती. मात्र लगेच नाही. आधी हार्डवेअरच्या दुकानातून तसाच पातळ पितळी पत्रा आणावा आणि त्यावर किमान तीन बॉनेट बिघडवण्याची तयारी ठेवावी. पितळ घडवताना कडक होत जाते. ते मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केले की पुन्हा मऊ होते. जुन्या नाशकातल्या तांबटांच्या कामात हीच क्रिया होते. शक्य असेल तर भांडी बाजाराच्या बाजूला एखाद्या जुन्या कारागिरासमोर तासभर बसून पाहावे, पत्र्याला गोलाई देताना हातोडी किती हलकी पडते ते लिहून सांगता येत नाही. बॉनेटसाठी आधी शिसवीसारख्या घट्ट लाकडाचा ठोकळा आकारात तासून घ्यावा आणि पत्रा त्यावर बसवत जावा. प्रत्येक वेळी थोडेच ठोकावे, वारंवार तापवावे.

खरी कसोटी डाख देताना लागेल. नवे बॉनेट जोडायला उष्णता दिली की शेजारचे काकांचे जुने सांधे सुटू शकतात. ६०:४० प्रमाणाचा साधा डाख १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो आणि पितळ उष्णता झपाट्याने पसरवते. म्हणून जुन्या सांध्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवावेत आणि मोठ्या वॅटचा सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवावा. लहान आयर्न बराच वेळ टेकवून ठेवला की सगळी गाडी तापते, हे नवशिक्याला उलटे वाटते पण अनुभव असाच आहे. आधी चार ठिकाणी टाके द्यावेत, आराखड्यावर ठेवून सरळ आहे ना ते पाहावे, मगच मधल्या फटी भराव्यात. सांध्यांवर हिरवट थर चढला असेल तर तो बहुधा जुन्या फ्लक्समुळे, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावतात त्या लेपामुळे, चढलेला आहे. पितळेला चिंचेचा कोळ चालतो, म्हणून इथे तो जरूर वापरावा, त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. मोजमापांसाठी शहरात अजून फिरणारी एखादी पद्मिनी गाठावी आणि मालकाच्या परवानगीने फोटो काढावेत, पण जवळून नव्हे. पंधरा-वीस पावले मागे जाऊन झूम करून काढावेत, कारण जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि शेपूट लहान दिसते आणि त्यावरून केलेले बॉनेट कधीच जुळत नाही. समोरच्या जाळीसाठी पितळी तार एकेक करून डाखावी लागेल. तिथे महिना गेला तरी चालेल.

तळाच्या आतल्या बाजूला काकांनी सुईने मारलेल्या आखणीच्या रेघा दिसतील. तो भाग रंगवू नये, घासूही नये.

राहिली ती वाळलेल्या रंगाची डबी, जी आपण कचऱ्यात टाकणार आहात. कृपा करून टाकू नका. पितळी गाडीशेजारी, तिच्या आराखड्यासोबत, इतकी वर्षे जपून ठेवलेली लहानशी डबी म्हणजे बहुधा काकांच्या स्वतःच्या पद्मिनीचा टच-अपचा रंग. घरातल्या जुन्या रंगीत फोटोंवर विसंबता येणार नाही, ते काळाबरोबर लालसर किंवा पिवळट होतात. डबीतला बंद राहिलेला थर मात्र उन्हात विटलेला नसतो. झाकणाच्या आतल्या कडेवरून नखाएवढा पोपडा अलगद काढा, वरची कड ओल्या पॉलिश कागदाने घासून आतला ताजा रंग उघडा करा, आणि दिवसाच्या उजेडात तो काकूंना दाखवा. गाडी हीच का, हे त्या बघताक्षणी सांगतील. त्या हो म्हणाल्या, की तो पोपडा घेऊन रंग मिसळून देणाऱ्या दुकानात जा आणि शंभर मिलिलिटर ड्यूको त्याच्याशी जुळवून घ्या. दसऱ्याला अजून वेळ आहे, तोवर बॉनेटचा ठोकळा तासून होईल.